लॉफ्टवरचे चार उन्हाळे

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या वहिनींमुळे. हे वाक्य मी आजवर इतक्या ठिकाणी म्हटलं आहे, की ते म्हणताना माझा आवाज आता आपोआप योग्य जागी जड होतो. बढतीच्या वेळी म्हटलं, मुलीच्या बारशाला म्हटलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेत बसलेल्या एका बँक मॅनेजरांच्या सौभाग्यवतींनी डोळे पुसले. मी समाधानाने घरी आलो. वहिनींनी पाठवलेल्या शेवया तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या लॉफ्टवर तीन वर्षं तशाच पडून होत्या. भाषणात त्यांचा उल्लेख राहून गेला.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडील बाजार समितीत पोती वाहायचे, थोरला भाऊ तेलाच्या गिरणीत होता. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी चौथीत होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. वहिनी अठराच्या. पण दीर म्हणजे दीर. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘भावजी’ म्हटलं आणि अहो-जाहो केलं, माझं नाक पुसतानासुद्धा. “भावजी, शिंकरा,” असं म्हणून पदराचं टोक पुढे धरायच्या. इतक्या मानाने शेंबूड पुसून घेतलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दहावी झाल्यावर वडिलांनी माझ्यासाठी समितीत शब्द टाकून ठेवला होता. पाठीवर पोतं पेलेल एवढा मी झालो होतो. वहिनी चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “भावजी शिकतील.” एरवी त्या सासऱ्यांपुढे तोंड उघडत नसत, त्यामुळे त्या दोन शब्दांनी काम झालं. त्यानंतरचं काम मात्र त्यांना पाच वर्षं करावं लागलं. दर उन्हाळ्यात गावातल्या व्यापाऱ्यांच्या घरचं वाळवण त्या करून द्यायच्या. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, उजाडायच्या आत तो चुलीवर हाटायचा आणि ऊन चढायच्या आधी माळवदावर बसून सोऱ्यातून कुरडया घालायच्या. मग शेवया, पापड, सांडगे, खारवड्या. माझी बी. कॉम.ची पदवी अशी दुसऱ्यांच्या माळवदांवर वाळली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

त्या घरात आम्ही दोघांनीही एकेक खोटं बोलायला शिकून घेतलं. वहिनी विचारायच्या, “भावजी, अजून अर्धी भाकरी?” टोपल्यात किती उरल्यात ते न बघता मला कळायचं. मी म्हणायचो, “नको, पोट भरलं.” मग मी विचारायचो, “आणि तुम्ही?” त्या म्हणायच्या, “मी मघाशीच जेवले.” दोघांनाही दुसऱ्याचं खोटं ठाऊक होतं. घरचं वळणच ते. करणारणीला कमी पडलं असं दाखवायचं नाही. पुढे बरे दिवस आल्यावर त्याचीच दुसरी बाजू आली: तिनं केलेलं उरलं असंही दाखवायचं नाही. कुणी काही करून दिलं आणि “संपलं का?” असं विचारलं, तर उत्तर एकच, “केव्हाच!” आणि त्यांचा डबा परत करायचा तो रिकामा करायचा नाही.

अशा तयारीनिशी मी सरकारी कंपनीत नोकरीला लागलो आणि बदल्या होत होत अकरा वर्षांपूर्वी कोलकात्याला आलो.

कोलकात्याकडे निघालेला आमच्या तालुक्यातला कोणताही माणूस वहिनींच्या तावडीतून सुटत नाही. बँकेत बदली झालेला कुणाचा जावई असो, की मुलाच्या नव्या नोकरीचं घर लावून द्यायला निघालेले आईवडील असोत, प्रत्येकाच्या सामानात एक पोतडी वाढते. एकदा तर बराकपूरच्या छावणीत नेमणूक झालेला एक जवान रजेवरून येताना कुरडयांचं अख्खं पोतं घेऊन आला. मी सियालदहहून लोकल पकडून ते आणायला गेलो. तो म्हणाला, “मावशींनी सांगितलंय, त्यांच्या हातातच द्या. आणि दाबू नका, मोडतील. दोन दिवस मांडीवर घेऊन बसलोय, साहेब.” परतीच्या लोकलमध्ये ते पोतं मी डोक्यावर धरून उभा होतो. एवढं मोठं आणि इतकं हलकं बघून शेजारच्या माणसाने विचारलं, मुडी आहे का? मुडी म्हणजे चुरमुरे. मी मान डोलावली. कुरडई म्हणजे काय ते समजावून सांगायला माझे दोन्ही हात मोकळे नव्हते.

पहिली सात वर्षं आम्ही भाड्याच्या ज्या घरात राहत होतो तिथे लॉफ्ट नव्हता. त्यामुळे आलेलं सगळं खावं लागायचं. मग लॉफ्ट असलेलं घर मिळालं.

गेल्या मार्गशीर्षात आमची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली. महिन्याने बायकोच्या लक्षात आलं की घरात तिनाची दोन माणसं झाली तरी किराणा तेवढाच येतो. तिने यादी माझ्यापुढे टाकली.

“अहो, दोन माणसं एवढं खातात?”

“महागाई,” मी म्हणालो.

“महागाई नाही, साठेबाजी. फडताळं भरलेली आहेत आणि आपण फोनवर बोट दाबून अजून मागवतोय. आता संक्रांतीपासून होळीपर्यंत किराणा बंद. दूध, भाजी, तेल, मीठ सोडून काही आणायचं नाही. घरात आहे ते संपवायचं.”

मला ही कल्पना अतिशय आवडली. मी लगेच सांगायला लागलो की आमच्या घरी नेहमी असंच असायचं, वहिनी शिळ्या भाकरीचा चुरासुद्धा फोडणीला घालायच्या, अन्नाची किंमत आम्हाला लहानपणीच कळली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही मी याच विषयावर बोललो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने मला, तुम्ही यावर काहीतरी लिहा, असं सुचवलं. बायकोने एवढंच म्हटलं, “मग चढा स्टुलावर.”

लॉफ्टवर पुढच्या बाजूला आमची स्वतःची पापं होती: ओट्सची तीन पाकिटं, प्रकृतीची काळजी वाटायची त्या काळातलं जवसाचं पीठ, कुणीतरी भेट दिलेली आणि कुणालाही भेट देता न आलेली सुक्या अंजिरांची टोपली. त्यांच्या मागे वहिनी होत्या.

जुन्या लुगड्याच्या आणि धोतराच्या पिशव्या. मुंगी जाऊ नये म्हणून तोंडं दोऱ्याने बांधलेली नव्हती, सुई घेऊन शिवलेली होती. प्रत्येकीत वरच एक चिठ्ठी. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर टपोरं, ओळीवर बसलेलं. ‘कुरडया. भावजी. तेल चांगलं तापू द्यावं.’ ‘शेवया. खीर करावी. दुधात पाणी नको.’ ‘सांडगे. तिखट आहेत, जपून.’ एकेक पिशवी मी खाली देत होतो आणि बायको ती ओट्यावर मांडत होती. ओटा भरला, मग टेबल भरलं, मग तिने खुर्च्यांवर ठेवायला सुरुवात केली. शेवटी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“चार उन्हाळे आहेत हे,” ती म्हणाली.

“एवढे?”

“बघा की. ही हिरव्या काठाची लुगड्याची पिशवी पोरगी दहावीत होती तेव्हाची.”

“पण मग तू काढलं का नाहीस?” मी स्टुलावरून विचारलं. उंचावर असलं की माणसाला असले प्रश्न सुचतात.

“मी? मी पिशवीला हात लावला की तुम्ही म्हणायचात, ‘वहिनींच्या हातचं आहे, असं रोज उठून नाही खायचं. कुणी आलं की काढू.’ कोण येणार होतं? राष्ट्रपती?”

हे खरं होतं. मी तसंच म्हणायचो. आणि म्हणताना माझा आवाज जड व्हायचा.

“तुमची कृतज्ञता फार टिकाऊ आहे हो,” ती म्हणाली. “तोंड शिवून ठेवलेली.”

मोहीम सुरू झाली. पहिल्या आठवड्यात शेवयांची खीर, शेवयांचा उपमा आणि पुन्हा शेवयांची खीर झाली. कुरडया तळून झाल्या, मग भिजवून कांद्यावर परतून त्यांची भाजी झाली, ती मी लहानपणानंतर पहिल्यांदा खाल्ली. किराण्याचं बिल खरोखरच खाली आलं. मात्र वाळवणाचा जवळजवळ प्रत्येक प्रकार तळायचा असतो, त्यामुळे तेलाचा डबा महिन्याऐवजी दहा दिवसांत संपला. काटकसरीत असं होतंच, असं मी बायकोला समजावलं.

सगळंच खाण्यासारखं राहिलं नव्हतं. कोलकात्याच्या हवेत आपल्याकडचं वाळलेलं काही वाळलेलं राहत नाही. हुलग्याच्या पिठाला जाळी धरली होती. सर्वांत जुन्या शेवयांत किडे झाले होते. काळ्या तिखटाचा वास जाऊन नुसता रंग उरला होता. आमच्याकडे काम करणाऱ्या, बजबजहून लोकलने येणाऱ्या मासींनी ते पीठ कचऱ्याच्या पिशवीत ओतताना वहिनींची चिठ्ठी आत पडलेली बघितली आणि काहीतरी महत्त्वाचं असेल म्हणून पुसून माझ्या हातात दिली. ‘हुलगे. भावजी. थंडीत शेंगोळे करावेत, अंगाला ऊब येते.’ मी ती खिशात घातली. पुढे काय करायचं ते कळेना म्हणून दिवसभर खिशातच ठेवली.

सांडग्यांचं नशीब उघडलं. आमच्या मजल्यावरच्या समोरच्या घरातल्या बाईंना सगळी इमारत बौदी म्हणते. बंगालीत बौदी म्हणजे वहिनीच. त्या वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि टेबलावरची पिशवी बघून थांबल्या.

“दादा, ये तो हमारा बोडी है!”

बोडी म्हणजे त्यांच्याकडे डाळ वाटून, थेंबाथेंबाने घालून उन्हात वाळवतात ती. थोडक्यात, सांडगाच. हा शोध लागल्यावर दोन्ही बाजूंना फार आनंद झाला. मी त्यांना डबाभर सांडगे दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, अर्थातच रिकामा नाही. आत माशाचा झोल होता आणि त्यात आमचे सांडगे तरंगत होते. वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी डबा झाकला. मग वासाने उघडला. काय सांगू, अप्रतिम लागत होते. बौदींना मी आणखी एक डबा दिला. तोही भरून आला. असे दोन आठवड्यांत सांडगे संपले, खरोखरचे संपले. आमच्या घरातली ती पहिली पिशवी, जिच्याबद्दल मी ‘केव्हाच’ म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

त्याच दिवसांत पुतणीचा फोन आला. वहिनींची थोरली मुलगी, तिथेच गावात शिक्षिका आहे.

“काका, तुम्हीच सांगा आईला. माझं ऐकत नाही.”

“काय झालं?”

“गुडघे. डॉक्टरांनी सांगितलंय, मांडी घालून बसायचं नाही आणि जिना चढायचा नाही. एवढं पाळलं नाही तर गुडघे बदलावे लागतील, आणि तिच्या साखरेमुळे ते ऑपरेशन करायला ते तयार नाहीत. गेल्या उन्हाळ्यात स्लॅबवरून पाटी घेऊन उतरताना पायरीवरच बसून राहिली. दोघांनी उचलून खाली आणली.”

“मला नाही कळवलं कुणी?”

“तिनंच सांगितलं, भावजींना कळवू नका म्हणून. आता म्हणते, शिवरात्र झाली की गहू भिजवणार. आमच्यासाठी कोण मागतंय, काका? आमच्याकडे बाजारातून आणतात सगळं. म्हणते, तिकडे भावजींचं संपलंय. दरवर्षी संपतं, यंदा जास्त करायला पाहिजे.”

माझ्यापुढे टेबलावर कुरडयांच्या तीन पिशव्या होत्या.

पुतणीला काय सांगायचं? तिच्या आईने केलेलं आम्ही खात नव्हतो, आणि संपलं म्हणत होतो, आणि मी जितक्या उत्साहाने संपलं म्हणायचो तितकं पुढच्या वर्षी त्या जास्त करायच्या. हा हिशेब चौथी शिकलेल्या बाईच्या बाजूने चोख होता. चूक बी. कॉम.च्या बाजूला होती.

तसा मी पूर्वी एकदा प्रयत्न केला होता. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना फोनवर म्हणालो होतो की मला रक्तदाब निघालाय, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, तेव्हा पापड-कुरडया पाठवू नका. रक्तदाब निघाला नव्हता. वहिनींनी त्या उन्हाळ्यात माझ्यासाठी सगळं अळणी केलं, वेगळं. म्हणजे दोनदा चीक हाटला. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मीठ नाही. भावजींनी निर्धास्त खावं.’ ती पिशवीही लॉफ्टवरच होती. माझ्या एका खोट्याला त्यांच्या गुडघ्यांचे चार दिवस लागले होते.

“आता खरं सांगा,” बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मी फोन लावला. बायको कुरडया तळत होती. मी एक तोंडात टाकली होती.

“भावजी, च्या झाला का?”

“झाला, वहिनी. तुमचे गुडघे कसे आहेत?”

“पोरीनं सांगितलं वाटतं. गुडघ्याला काय धाड भरलीय? बरे आहेत.”

“वहिनी, यंदा वाळवण करू नका.”

“का? गुडघे घालतात व्हय कुरडया? हात घालतात. हात धडधाकट हायेत माझे.” त्या हसल्या. मीही हसलो, तिथेच घसरलो. “आन् कुरडया संपल्या असतील की तुमच्या?”

“केव्हाच!” मी म्हणालो.

बायकोचा झारा हवेतच राहिला. कढईतली कुरडई फुलली, लाल झाली, काळी पडली.

“बघा, मला वाटलंच,” वहिनी म्हणाल्या. आवाजात एवढा आनंद होता की मी दादाची चौकशी करायला लागलो.

फोन ठेवल्यावर बायकोने गॅस बंद केला. “तोंडातला घास गिळून तरी म्हणायचं होतं.”

“तोंडातून निघून गेलं.”

“जाणारच. तुमचं तोंड त्या घरात शिकलंय. हात तेवढा शाळेत शिकलाय. पत्र लिहा.”

वहिनींना मी शेवटचं पत्र कॉलेजच्या वसतिगृहातून लिहिलं होतं. तेव्हाही ‘जेवण उत्तम आहे’ असं लिहिलं होतं. आता कागद घेऊन बसलो. पहिला मसुदा फार सुंदर झाला. त्यात मातृत्व होतं, ऋण होतं, वटवृक्षही होता. बायकोने वाचला आणि विचारलं, “ह्यात कुरडया कुठायत?”

शेवटी ठरलं की पत्राबरोबर त्यांच्या पिशव्या धुऊन परत पाठवायच्या, म्हणजे संपलं काय आणि उरलं काय ते त्यांना दिसेल. मी त्या घडी घालत होतो.

“रिकाम्या पाठवणार?” बायकोने विचारलं. “तुमच्या घरी चालतं?”

चालत नव्हतं. पण भरायचं काय? इथली मिठाई तिथवर टिकत नाही आणि दुकानातलं वहिनी खात नाहीत. तेव्हा बौदींनी सांगितलं की बोडीचा मोसम हाच, थंडीतलं कोरडं ऊन. डाळ भिजवा आणि या गच्चीवर.

मी दोन दिवस सकाळची रजा टाकली. मटकीची आणि हरभऱ्याची डाळ भिजवून, लसूण-मिरची घालून बायकोने भरड वाटून दिली. गच्चीवर जुनं धोतर अंथरलं. बौदींनी आधी मला पहिले दोन सांडगे मोठे घालायला लावले. त्यांच्याकडे तशी रीत आहे: ते म्हातारा आणि म्हातारी, त्यांना शेंदूर लावून वर दूर्वा ठेवायच्या, मग बाकीचे घालायचे. मी बाकीचे घालायला लागलो.

“छोटा, दादा, छोटा! रसगुल्ला बना रहे हो क्या?”

अर्ध्या तासात माझी मांडी बधिर झाली. तासाभरात उठताना मला कठड्याला धरावं लागलं. एवढं करून धोतराचा एक कोपराच भरला होता. वहिनी अख्खं माळवद भरायच्या, आणि खाली येऊन मला डबा करून द्यायच्या. हे मी लहानपणी रोज बघितलं होतं, भाषणातही सांगितलं होतं. मांडी घालून मात्र आत्ताच बघत होतो. बौदी म्हणाल्या, बसा थोडा वेळ. मी म्हटलं, नको, ठीक आहे. हेही तोंडातून निघून गेलं. मग म्हटलं, नाही, दुखतंय. आणि बसलो.

चार दिवसांनी सांडगे वाळले. शिवरात्रीला अजून बारा दिवस होते. मी ते वहिनींच्याच हिरव्या काठाच्या पिशवीत भरले, बायकोने तोंड शिवलं, आणि आत हे पत्र घातलं.

*

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार पत्राच्या शेवटी करतो, कारण वाचून झाल्यावर तो तुम्हाला घ्यावासा वाटेल की नाही, ते मला माहीत नाही.

कुरडया संपलेल्या नाहीत. रविवारी फोनवर मी ‘केव्हाच’ म्हणालो तेव्हा एक माझ्या तोंडात होती. चार वर्षं तुम्ही पाठवलेलं बरंचसं आमच्या लॉफ्टवर होतं. मी ते काढू देत नव्हतो. रोज खाल्लं तर त्याचा मान जाईल असं मला वाटायचं. मान ठेवता ठेवता हुलग्याच्या पिठाला जाळी धरली आणि जुन्या शेवया टाकाव्या लागल्या. तुमच्या चिठ्ठ्या टाकल्या नाहीत.

मला रक्तदाब नाही. तेव्हाही नव्हता. अळणी कुरडया आता आम्ही वरून मीठ टाकून खातो.

सांडगे संपले, पण कसे ते सांगायला हवं. शेजारच्या बाईंनी ते माशाच्या रश्श्यात घातले. आम्ही खाल्ले नाहीत असं लिहिणार होतो. मी दोनदा वाढून घेतले.

लहानपणी तुम्ही विचारायचात, पोट भरलं का. भरलेलं नसायचं. तेव्हा सांगितलं नाही ते बरंच केलं, टोपल्यात भाकरी नसायचीच. तुम्हीही मघाशी जेवलेल्या नसायचात. पण आता दोन्ही घरांत पुरेसं आहे, आणि आपण अजून तेच बोलतो. तुम्ही पायरीवर बसून राहिलात ते मला वर्षाने, तुमच्या मुलीकडून कळलं. मीही काही कमी केलेलं नाही. म्हणून आता दोघांनीही थांबू या.

यंदा गहू भिजवू नका. काळजीनं म्हणत नाही. काळजीचं तुम्ही ऐकत नाही, हे मला माहीत आहे. स्टुलावर चढून, बघून सांगतो: कुरडया तीन पिशव्या, पापड दोन, खारवड्या एक, चांगल्या शेवया एक. दोन माणसांना पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरेल. तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे तुमच्या जावेनं, किराणा बंद केला आहे, तेव्हा ते खाल्ल्याशिवाय आम्हाला सुटका नाही. संपत आलं की खरं कळवीन. तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि सांगायचं, मी रजा काढून येईन आणि चीक हाटीन. हात माझेही धडधाकट आहेत. मांडीचं खात्रीनं सांगत नाही.

सोबतचे सांडगे मी केले आहेत. वरचे दोन मोठे, शेंदूर लावलेले, ते तळू नका, ते इथल्या रीतीचे म्हातारा-म्हातारी आहेत. बाकीचे काही रसगुल्ल्याएवढे झालेत, आतून नीट वाळलेत की नाही शंका आहे. काही दगड आहेत, दादाला सांगा जपून चावायला. तिखट कमी पडलंय.

कसे झाले ते कळवा. आणि वहिनी, उरले तर उरले म्हणून लिहा. ‘केव्हाच संपले’ असं कळवू नका.

आता नमस्कार.

तुमचे
भावजी